भिगवणला कोणती लेन्स न्यावी?

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा जुना डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी टिपायचे आहेत. नवा कॅमेरा घेऊ का? ट्रायपॉड न्यावा का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : कॅमेरा आहे तोच राहू द्या, पैसे लेन्समध्ये घाला. १८-५५ने नुसते गुलाबी ठिपके येतील. ५५-२५० मिमीची लेन्स बघा, वापरलेली मिळाली तरी चालेल. तुमच्या लहान सेन्सरवर तिचा २५०चा आवाका ४०० मिमीइतका पडतो. घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दुकानदार काहीही म्हणो, तिथून निघा.

ट्रायपॉड घरीच ठेवा. तिथे फिरायचे होडीतून, आणि ती हलली की तोही हलणार. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, फोकस ‘एआय सर्व्हो’वर (हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणारा मोड). आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ८०० झाला तर होऊ दे. फोटोत थोडे दाणे खपतात, हललेला पक्षी खपत नाही.

सकाळी लवकर जा, ऊन पाठीशी घ्या. आणि नावाड्याला थवा उडवायला सांगू नका (सांगणारे महाभाग असतात!). रोहित पाण्यावर धावत जाऊनच उडतो, तेव्हा तो पळू लागला की बटण दाबायला पुरेसा वेळ मिळतो.