सासूबाई सारख्या बार्शीतच असतात

"काल भाजी कुठली केली होती ते सांगता येत नाही, आणि लहानपणीची आगगाडी मात्र धुरासकट आठवते. हा डिमेन्शियाच ना?" पुण्यातल्या एका सूनबाई हे विचारायला आल्या होत्या. (वय आणि घरचे तपशील बदलले आहेत.)

सासूबाई 76 वर्षांच्या. यजमान गेल्यावर बार्शीचं घर बंद करून मुलाकडे नवव्या मजल्यावर आल्या, त्याला दीड वर्ष झालं. दिवसातून चार वेळा एकच गोष्ट चालायची: मिलचा भोंगा झाला की फडक्यात भाकरी बांधायची आणि वडिलांना द्यायला पळायचं. मिलच्या गेटपाशी गोष्ट संपायची. अर्ध्या तासाने पुन्हा भोंगा.

लहानपण लख्ख आठवणं हे आजाराचं लक्षण नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यांनाच जास्त येतात. 1963 साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने हा आयुष्याचा हिशेब मांडण्याचा भाग आहे असं लिहिलं, तोवर डॉक्टरही त्याला म्हातारचळ समजत. पाहायचं असतं ते अलीकडचं. कालची भाजी आठवली नाही, तर "हिरवी होती, तुम्हीच निवडलीत" असा धागा द्यावा. "हां, मेथी!" आलं तर बहुतेक वेळा लक्ष नसतं किंवा मन उदास असतं. धागा देऊनही काहीच येत नसेल, नेहमीच्या रस्त्यावर चुकत असतील, गॅस चालू राहत असेल, पैशांचा हिशेब जमेनासा झाला असेल, तर न्यूरोलॉजिस्टकडे जावं. सहा महिने "बघू" म्हणू नये.

इथे धागा दिला की बहुतेक गोष्टी येत होत्या. तरी रक्ततपासणी करून घ्यायला सांगितली: बी-12 आणि थायरॉइड. कानही तपासायला सांगितले. झोपेच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं, म्हणून औषधांची सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ठेवायची. बी-12 बरंच कमी निघालं. डावा कानही अधू होता. जे ऐकूच आलं नाही, ते आठवणार कसं?

मग घरी करायचं काम दिलं. आठवड्यातून दोनदा, सकाळी अकराच्या सुमारास, अर्धा तास. संध्याकाळी थकवा असतो, तेव्हा नको. एका वेळी एकच विषय आणि हातात धरायला एक-दोन वस्तू. ढीगभर फोटो पुढे टाकले की माणूस गोंधळतो. "आठवतं का?" विचारायचं नाही, ती परीक्षा होते. "मग?" पुरे. किंवा "वास कसा यायचा?"

पहिल्या आठवड्यात गाडी घसरली. मुलगा म्हणाला, "आई, मिल कधीच बंद पडली." नातवाने मोबाइल समोर धरून प्रश्नांची फैर झाडली. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. दोघांचाही हेतू चांगला होता, पण मिल बंद पडलेली त्यांना ठाऊक होतीच. ती बातमी त्यांना नको होती.

सगळ्यात उपयोगी पडला साधा कागद. त्यावर त्यांनी घर काढलं. आधी चूल, मग आड, मग माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि त्यातलं साणं, म्हणजे उजेडासाठीचं भोक. पावसाची पहिली सर आली की त्यावर परात उपडी घालायला कोण पळायचं, आणि पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती कशी पसरायची, हे त्या नकाशावर बोट ठेवून सांगू लागल्या. पुढच्या वेळी स्टेशन आलं. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रूळ, 1897 पासूनची. पंढरपूरला जाताना मध्ये कुर्डुवाडी. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि आई पदराला फुंकर घालून शेकायची. हे घरात कुणीच ऐकलं नव्हतं. भोंग्याची गोष्ट इतकी चालायची, कारण तिच्यापलीकडचं कुणी विचारतच नव्हतं.

बार्शीला न्यावं का, असं सूनबाईंनी विचारलं. न्यावं, पण आधी भगवंताच्या देवळात. ते जागेवर आहे. घराकडे जायचं ते त्यांनीच विषय काढला तर, आणि तिथे काय उरलंय ते आधी फोनवरून कळवून ठेवावं. मुक्काम एका रात्रीहून जास्त नको. अनोळखी खोलीत रात्री उठल्यावर गोंधळ होतो, म्हणून संडासाचा दिवा चालू ठेवायचा.

तीन महिन्यांनी सूनबाई आल्या. बी-12 ची इंजेक्शनं झाली होती, कानाचं यंत्र कुरकुर करत का होईना, लागलं होतं. भोंगा अजून दिवसातून एक-दोनदा होतोच. फक्त गेटपाशी थांबत नाही: वडील भाकरीचा चतकोर तुकडा मोडून परत हातात द्यायचे, आणि तो खात खात घरी यायचं. स्मरणशक्तीची पुढची चाचणी सहा महिन्यांनी ठरली आहे.