समुद्रातल्या प्लवकांचे प्रकार कोणते आणि अन्नजाळ्यात त्यांचं काम काय?

तुम्ही प्रश्नाखाली 'हे सूक्ष्म जीव' असं लिहिलंय, म्हणून मुद्दाम उत्तर लिहायला बसले.

प्लवक म्हणजे सूक्ष्म जीव नव्हेत. १८८७ साली जर्मनीतल्या व्हिक्टर हेन्सन या शास्त्रज्ञाने त्यासाठी 'प्लँक्टन' हा शब्द घेतला तो ग्रीकमधल्या 'भटकणारा' या अर्थाच्या शब्दावरून. पाण्याच्या ओढीविरुद्ध जो जाऊ शकत नाही, तो प्लवक. मापाचा प्रश्नच नाही. प्रोक्लोरोकॉकस हा जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, तो प्लवक. थंड समुद्रातल्या लायन्स मेन जेलीफिशची छत्री दोन मीटरपर्यंत वाढते, तीही प्लवकच.

आमच्या घरी डोलीची मासेमारी, वसईच्या बाजूला. डोल म्हणजे शंकूसारखी लांबच लांब पिशवी. तोंड मोठं, मागे निमुळती, आणि आस, म्हणजे जाळीची भोकं, बारीक होत होत शेवटी खोल्याशी, म्हणजे मागच्या बंद टोकाशी, अगदी दाट. ती बोटीमागे ओढत नाहीत, समुद्रात खुंटाला बांधून प्रवाहाच्या तोंडावर लावतात. भरती-ओहोटीचं पाणी आरपार जातं आणि पाण्याबरोबर वाहत आलेलं खोल्यात साठतं. म्हणून उधाणाला डोल भरते. भांगात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला फारशी ओढ नसते, तेव्हा हाती फारसं लागत नाही. बीएस्सीला असताना प्रयोगशाळेत प्लवक गोळा करायचं जाळं पहिल्यांदा हातात घेतलं आणि ओळखलंच. तीच पिशवी, तेच निमुळतं टोक, फक्त जाळीऐवजी तलम कापड.

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्राणी-प्लवकांची उदाहरणं विचारली. मी कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक कवचधारी जीव) सांगितलं, खेकड्याची पिल्लं सांगितली, आणि जवळा. ते म्हणाले, जवळा ही मासळी आहे, प्लवक डोळ्याला दिसत नाहीत, बाजारातलं इथे सांगू नकोस. मी डोलीचं सांगायला लागले तर पुढचा प्रश्न विचारला. गुण कापले गेले त्याचं दुःख कमी, पण 'बाजारातलं' हा शब्द मला इतकी वर्षं टोचतोय. घरी येऊन बाबांना विचारलं, जवळा डोलीत येतो कसा? ते जाळं शिवत होते. म्हणाले, "तो कुठं येतो गो, पाणी आणतं त्याला." व्याख्या याहून चांगली मला कुठल्याही पुस्तकात मिळालेली नाही.

आता तुमचं. वनस्पती-प्लवकांत डायअ‍ॅटम, डायनोफ्लॅजेलेट आणि सायनोबॅक्टेरिया हे मुख्य: पहिले दोन एकपेशीय जीव, तिसरे उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा भाग हेच करतात. प्राणी-प्लवकांत काही जन्मभर वाहतात, जसे कोपेपॉड. काही फक्त लहानपणी: खेकडे, कालवं, बहुतेक माशांची अंडी-पिल्लं. म्हणजे ताटातली सुरमईसुद्धा कधीकाळी प्लवक होती.

एकाने दुसऱ्याला खाल्लं की साधारण दहावा भागच पुढे पोचतो, हा ढोबळ हिशेब. म्हणून साखळी आखूड असेल तिथे मासळी जास्त. तारली डायअ‍ॅटम थेट गाळून खाते, मध्ये दलाल नाही, त्यामुळे तिचे थवेच्या थवे येतात. बोंबलाची साखळी लांब: डायअ‍ॅटम, कोपेपॉड, जवळा, मग बोंबील. जवळा नसेल तर बोंबील काय खाणार, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. आणि पुस्तकातली सरळ रेघ खरी नव्हे. जवळा डायअ‍ॅटमही खातो, कुजका गाळही खातो. पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात, त्यांना एकपेशीय प्राणी, त्यांना कोपेपॉड, आणि ते पुन्हा वर चढतं. म्हणून जाळं म्हणायचं, साखळी नाही.

सगळेच प्लवक माशांच्या पोटी जात नाहीत, हेही लक्षात ठेवा. रात्री लाटा निळ्या चमकवणारी नॉक्टिल्युका डायअ‍ॅटम आणि माशांची अंडीसुद्धा गिळते, पण तिला खाणारे कमी, मुख्यतः जेलीफिश आणि साल्प (पारदर्शक, पिंपासारखे वाहते प्राणी). ती माजली की डायअ‍ॅटमवर जगणाऱ्यांच्या तोंडचा घास जातो.

तुम्ही परीक्षेसाठी विचारत असाल तर व्याख्या आधी लिहा, उदाहरणं मग. आणि उदाहरणात जवळा बेधडक लिहा. कुणी नाही म्हणालं तर व्याख्येतला कुठला शब्द बसत नाही ते विचारा. मी तेव्हा विचारलं नाही.

एक मात्र खरं, जवळा पाण्यात वर-खाली स्वतःच्या बळावर पोहतो, आणि काही अभ्यासक त्याला प्लवक आणि पोहणारे प्राणी यांच्या सीमेवर ठेवतात. परीक्षकांनी हे कारण दिलं असतं तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. त्यांनी कारण दिलं ते डोळ्याला दिसतं म्हणून.