कठड्यातल्या उभ्या खांबांना काय म्हणायचं?

नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचं वर्णन लिहिताना जिन्याच्या कठड्यातल्या नक्षीदार उभ्या खांबांपाशी तुमचं अडलं. ‘बॅलस्टर’ला मराठी शब्द कोणता आणि ‘सूची’ चालेल का, असा तुमचा प्रश्न.

सूची नको. हा शब्द स्तूपाच्या वेदिकेतला, म्हणजे भोवतालच्या दगडी कठड्यातला, आणि तिथे तो आडव्या दगडाचा आहे. उभे ते स्तंभ. त्यांच्या बाजूंना खाचा पाडून एकावर एक तीन सूची अडकवायच्या आणि माथ्यावर लांबलचक उष्णीष ठेवायचं, म्हणजे पागोटंच. मध्य प्रदेशातल्या भरहूतच्या स्तूपाला दात्यांनी दगडागणिक दान कोरून ठेवलंय, कुठे ‘थभो दानं’, कुठे ‘सूचि दानं’; त्यामुळे कुठला भाग कुठला, याबद्दल वादाला जागाच नाही. आपल्या जवळचंच उदाहरण हवं तर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचं घ्या. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे खोदलं, तेव्हा अशाच वेदिकेचे खांब निघाले. जिन्याचं तसं नाही. तिथे आडवं काही ओवलेलं नसतं. उभे खांब खाली पायरीत रोवलेले आणि वर हात टेकायची पट्टी, बस्स.

‘बॅलस्टर’ आला इटालियनमधून, त्यामागे ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ रानडाळिंबाचं फूल. या खांबांचा फुगवटा त्या अर्धवट उमललेल्या फुलासारखा दिसतो, म्हणून हे नाव. सरळसोट दांड्याला ते मुळात नव्हतंच.

मराठीत ‘कठडा’ सगळ्या बांधणीला चालतो, मग तो विहिरीचा भरीव असो की पुलाचा लोखंडी. एकेका खांबाला मात्र सर्रास चालणारा वेगळा शब्द नाही. ‘लघुस्तंभ’ किंवा ‘स्तंभिका’ टेंडरात शोभतील. सुतार ‘पिलर’ म्हणून मोकळा होतो, लोखंडी असेल तर आपण ‘गज’ म्हणतो. तुमचे खांब चरकावर, म्हणजे लेथवर, कातलेले असतील, तर ‘कातीव खांब’ लिहा. आकार आणि कारागिरी दोन्ही त्यात आली. जिना वळतो तिथला जाड खांब वेगळा सांगा, कारण कठड्याची सगळी भिस्त त्याच्यावर असते. एकूण वाक्य असं होईल: ‘जिन्याला सागवानी कठडा, त्याला कातीव खांब आणि वळणावर एक जाड चौकोनी खांब.’