चिंगीचे वजन आणि रविवारचा फोन

समुपदेशनासाठी येणारे बरेच जण पहिल्या पाच मिनिटांतच माफी मागतात. "विषय तसा फार छोटा आहे, मॅडम," असे म्हणून ते सुरुवात करतात आणि पुढे जे सांगतात त्याने त्यांची झोप कित्येक महिने उडालेली असते. नाशिकच्या एका गृहस्थांनी अशी माफी मागितली ती एका गिनी पिगसाठी. वय ६३, सरकारी खात्यातून लेखापाल म्हणून निवृत्त, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचा प्रश्न असा होता: "मुलीने सांभाळायला दिलेला जीव आता म्हातारा झालाय. मी दिवसरात्र करतोय, तरी तो उतरतच चाललाय. थांबलो तर मला पाप लागेल, चालू ठेवलं तर त्याचे हाल. घरातही आता कुणाशी धड बोलणं होत नाही. मी काय करावं?"

म्हाताऱ्या कुत्र्यामांजरांना सांभाळणारी माणसेही हाच प्रश्न घेऊन येतात. इतक्या लहान प्राण्याच्या बाबतीत मात्र तो बोलून दाखवण्याचीच लाज वाटते, म्हणून तो अधिक दिवस मनात कुढत राहतो.

मुलगी कॉलेजात असताना तिने दोन गिनी पिग आणले होते, दोन्ही माद्या. एक आदल्या वर्षी गेली. उरलेली चिंगी साडेसहा वर्षांची. गिनी पिगचे आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचे असते, म्हणजे चिंगी खरोखरच म्हातारी होती. दोन वर्षांपूर्वी मुलगी शिक्षणासाठी डब्लिनला गेली तेव्हा विमानतळावर तिने बाबांचा हात धरून एवढेच सांगितले होते, "बाबा, चिंगीकडे बघा." हे वाक्य त्यांनी मला पहिल्या भेटीत तीनदा सांगितले.

त्यांची दिनचर्या ऐकताना मी कागदावर वेळा लिहून घेतल्या. रात्री बारा, तीन आणि सहा वाजता गजर लावलेले. प्रत्येक वेळी पेलेट कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, सिरिंजने भरवायचे. भरवताना सिरिंज समोरून घालायची नाही, पुढच्या दातांच्या मागच्या फटीतून, गालाच्या बाजूने घालायची. थोडेसे सोडायचे आणि ती चावून गिळेपर्यंत थांबायचे, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाते. हे त्यांनी हाताने करून दाखवले, डाव्या तळव्यावर एक अदृश्य जीव धरून, आणि त्या हाताला जराही कंप नव्हता. त्यानंतर हनुवटी पुसायची, पोटाखालची ओली दुपटी बदलायची, पायाचे तळवे बघायचे. मे महिन्यात उकाड्याने तिला काही होऊ नये म्हणून ते स्वतः तिच्या पिंजऱ्याशेजारी जमिनीवर झोपत होते. पुतण्याच्या लग्नाला संगमनेरला पत्नी एकट्या जाऊन आल्या. तिथे कुणीतरी म्हणाले, "उंदराएवढ्या जीवासाठी घरचं कार्य सोडलं?" पत्नीने ते घरी येऊन सांगितले, आणि तेव्हापासून दोघांत कामापुरतेच बोलणे उरले.

समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही, ते भोगणाऱ्याला आधार मागण्याचाही हक्क उरत नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये या अवस्थेवर पुस्तक संपादित केले आणि तिला नाव मिळवून दिले. मी त्याला मराठीत 'हक्क नाकारलेला शोक' म्हणते. या गृहस्थांचा शोक तर चिंगी जिवंत असतानाच सुरू झाला होता, आणि तो दाखवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. मी त्यांना सांगितले की केंट स्टेट विद्यापीठातील मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली आजारी कुत्री आणि मांजरे सांभाळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी प्राणी असलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यावर शुश्रूषेचा भार अधिक आढळला आणि ताण, चिंता व नैराश्याची लक्षणेही अधिक आढळली. तो अभ्यास गिनी पिगवरचा नव्हता, पण रात्री तीनचा गजर सगळ्यांना सारखाच उठवतो. हे ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पहिल्या भेटीत मी कोणताही सल्ला दिला नाही. एकच विचारले: "दर तीन तासांनी भरवायचं, हे रात्रीसुद्धा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं का?" ते थबकले. डॉक्टरांनी 'थोड्या थोड्या वेळाने द्या' असे सांगितले होते. गिनी पिगचे आतडे सतत चालते राहावे लागते आणि अर्धा दिवस काही खाल्ले नाही तरी जिवावर बेतू शकते, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. दोन्ही जोडून तीन तासांचा नियम त्यांनी स्वतःच केला होता. तो चुकीच्या काळजीतून आला असे मी म्हणणार नाही. वाचलेली गोष्ट खरीच होती. पण जी चिंगी अजून स्वतःहून थोडे गवत आणि कोथिंबीर खात होती, तिच्यासाठी रात्रीचे गजर लागतात का, हे त्यांनी विचारलेच नव्हते. मी त्यांना माझ्यासमोरच पशुवैद्यांना फोन करायला सांगितले. उत्तर दीड मिनिटात मिळाले: ती स्वतः खाते आहे तोवर रात्री अकराला शेवटचे आणि सकाळी सहाला पहिले भरवणे पुरे, मात्र पिंजऱ्यात गवत रात्रभर हाताशी हवे, आणि खाणे थांबले तर सकाळची वाट न पाहता कळवा.

माझ्या अनुभवात शुश्रूषा करणाऱ्याला जो थकवा येतो, त्यातला मोठा भाग कामाचा नसतो, न विचारलेल्या प्रश्नांचा असतो. म्हणून दुसऱ्या भेटीसाठी मी त्यांना सगळे प्रश्न लिहून काढायला सांगितले. लेखापालच ते, फुलस्केपवर समास सोडून बावीस प्रश्न लिहून आणले. त्यातले अठरा पशुवैद्यांचे होते आणि ते मी तसेच त्यांच्याकडे पाठवले, कारण औषधोपचाराबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. परत येऊन त्यांनी जे सांगितले त्यातले काही इथे देते, कारण ते इतरांच्याही उपयोगी पडेल. गोठ्यावरून आणलेला लसूणघास बंद झाला. त्यात कॅल्शियम जास्त असते आणि म्हाताऱ्या गिनी पिगला त्याने मूत्राशयात खडा होण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी टिमोथी गवत कुरियरने मागवले. चिंगी गवत तोंडात घेऊन टाकून देत होती, त्याचे कारण दाढा निघाले. गिनी पिगचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि झीज नीट झाली नाही तर दाढा वाकड्या वाढून जीभ अडकवतात. त्या घासायच्या तर भूल द्यावी लागते आणि या वयात भूल सोसेल का, हा तोलून घ्यायचा निर्णय होता. तो त्यांनी घेतला, आणि चिंगी त्यातून सुखरूप उठली.

एकवीस नंबरचा प्रश्न माझ्यासाठी होता: "तिचे पाय माझ्यामुळे गेले का?" चिंगी मागच्या पायांनी लंगडत होती. जीवनसत्त्व क कमी पडले की गिनी पिगचे सांधे दुखतात, हे त्यांना उशिरा समजले होते, आणि दोन वर्षे ते त्याची गोळी पाण्याच्या बाटलीत विरघळवून देत होते, जिथे ते लवकर नष्ट होते. मी त्यांना १९०७ सालची एक गोष्ट सांगितली. नॉर्वेतील ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवले आणि त्यांना माणसासारखाच स्कर्व्ही झाला, कारण आपल्यासारखेच त्यांनाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. "म्हणजे आपलीच जात," ते म्हणाले. मग मी विचारले की या दोन वर्षांत चिंगी रोज काय खात होती. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर, एकही दिवस चुकला नाही. हीच माहिती पशुवैद्यांना दिल्यावर त्यांनी तपासून सांगितले की हा वयाचा संधिवात आहे. पण मला इथे सांगायचे आहे ते वेगळेच. समजा कमतरता असतीच, तरी ती चूक ठरली असती, अपराध नव्हे, आणि या दोहोंतला फरक त्यांना कुणीतरी शांतपणे समजावून सांगणे गरजेचे होते. चाळीस वर्षे एका पैशाचा फरक शोधत बसलेल्या माणसाला स्वतःच्या हिशेबात मात्र चूक आणि अफरातफर एकच वाटत होती.

बाविसावा प्रश्न लिहून खोडलेला होता. मी बोट ठेवले तेव्हा त्यांनी वाचला: "मुलीला सांगू का?"

दर रविवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिच्या परीक्षा, तिथली अर्धवेळ नोकरी, घराचे भाडे, या सगळ्यात तिला आणखी घोर नको म्हणून गेले चार महिने ते चिंगीला फक्त पाठीकडून दाखवत होते, अंगावर दुपटे टाकून, म्हणजे हडकलेल्या बरगड्या दिसणार नाहीत. वजन विचारले की ९५० ग्रॅम सांगत. खरे वजन ७४० होते. रोज रात्रीच्या जागरणापेक्षा रविवारची ती दहा मिनिटे त्यांना जड जात होती, हे त्यांनी कबूल केले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला.

खोटे बोलू नये असा उपदेश मी केला नाही. त्यांनी ते मायेपोटी केले होते आणि मला त्याबद्दल आदरच वाटला. मी एवढेच म्हणाले, "तुम्ही तिचं दुःख वाचवत नाही आहात, तिचा निरोप घ्यायचा वेळ वाचवत आहात. तो साठवून ठेवता येत नाही." पत्नीलाही पुढच्या भेटीला आणा, असे सुचवले. त्या आल्या, अवघडून बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला जनावराचा राग नाही हो, मॅडम. सहा महिन्यांत ह्यांनी मला एकदासुद्धा भरवायला दिलं नाही. मी काय परकी आहे?" ते त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या दिवसापासून सकाळचे भरवणे पत्नीकडे गेले.

मुलीला त्यांनी पुढच्या रविवारी सांगितले. ती रडली, पण चकित झाली नाही. "बाबा, तुम्ही तिचं तोंड दाखवत नव्हता, तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. तिलाही विचारायचे होते, पण बाबांना वाईट वाटेल म्हणून ती गप्प होती.

राहिला पापाचा प्रश्न. पशुवैद्यांनी दयामरणाचा पर्याय एकदा बोलून दाखवला होता आणि वारकरी घरात तो शब्द कुणालाही उच्चारवत नव्हता. पाप की पुण्य, हे सांगणारी मी कोण? पण निर्णय घेण्याची रीत मी सुचवू शकते. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्य महिलेने २००४ साली एक मोजपट्टी दिली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. चिंगीसाठी आम्ही ती साधी केली. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी भरवण्याआधी वजन. किती खाल्ले. आणि फ्रिजचे दार उघडल्यावर शिट्टी घातली का. गिनी पिग ओळखीच्या आवाजाला उंच शिट्टी घालतात. चिंगी सहा वर्षे फ्रिजच्या दाराला शिट्टी घालत आली होती. वही त्यांनी स्वतः आखली. मग तिघांनी, मुलगी फोनवर असताना, मन शांत असलेल्या एका संध्याकाळी पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठरवून लिहिले की कोणत्या टप्प्यानंतर तिला ओढत न्यायचे नाही. वजन ६०० च्या खाली, सलग दोन दिवस शिट्टी नाही आणि कोथिंबीरही नाकारली, तर. ऐन दुःखाच्या घटकेला कुणा एकाच्या हाती निर्णय पडू नये, एवढाच त्या लिहिण्याचा हेतू होता.

तो टप्पा नऊ आठवड्यांनी आला. त्या नऊ आठवड्यांत ते रात्री झोपले, एका साखरपुड्याला दोघे जोडीने जाऊन आले, आणि रविवारच्या कॉलवर चिंगीचे तोंड कॅमेऱ्याकडे असायचे. पशुवैद्यांनी आधी गुंगीचे इंजेक्शन दिले. पत्नीने मांडीवर घेतले होते. मुलगी फोनवर होती आणि तिला गाणे म्हणायचे होते, पण जमले नाही, म्हणून मग बाबांनी हळू आवाजात विठ्ठलाचे नाव घेतले.

महिन्याभराने ते एकदा भेटायला आले. शेवटी तेच योग्य होते का, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले की तिघांनी मिळून, तिच्याकडे बघत बघत ठरवलेले होते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि पिशवीतून वही काढली. मुलीने सगळ्या पानांचे फोटो मागवले होते, पाठवण्याआधी मला दाखवायची होती. शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात तारखेपुढे लिहिले होते: ५८५ ग्रॅम. शिट्टी नाही. कोथिंबीर हुंगली, खाल्ली नाही. त्याखाली पत्नीच्या अक्षरात एक ओळ होती: सकाळी मी भरवले, थोडे गिळले.