संधिवात आहे, वर सतत घाबरल्यासारखं होतं. प्राणायाम-ध्यानाने गोळ्या बंद होतील का?

ताई, गोळ्यांचं आधी सांगते: नाही. ध्यानाने सांध्यांची औषधं सुटत नाहीत.

तुम्ही चोपड्याहून लिहिलंय की सांध्यांची औषधं चालू आहेत, पण रात्री छाती धडधडते, मिक्सरचा आवाज आणि फोडणीचा ठसका सोसत नाही, आणि ईसीजी नॉर्मल आल्यापासून घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मी अमळनेरची. मलाही र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे, बरीच वर्षं. मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदाची गोळी मी आजही चुकवत नाही. सांधा खाणारी सूज श्वासाने थांबत नाही. त्या सुजेच्या पाठोपाठ येते ती धडधड, ती चिडचिड, ती न लागणारी झोप मात्र बरीच हाताशी येते. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं.

माझ्या सासूबाई अहिराणीत म्हणायच्या, "तुले काही नही व्हयनं." रिपोर्ट बघून डॉक्टरही जवळजवळ तेच म्हणाले, फक्त प्रमाण मराठीत. पण दुखणं लांबलं की मज्जासंस्थाच हळवी होते, हे आता वैद्यकशास्त्र मान्य करतं. केळीच्या बागेत राखणीला ठेवलेला कुत्रा एकदा रानडुकराने बिथरला की पुढे पानाच्या सळसळीलाही भुंकतो, तसं. आवाज, वास, उजेड, साधा स्पर्शसुद्धा धोका वाटायला लागतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त जाणवतं आणि दुखलं की झोप मोडते. यात खोटेपणा कुठेच नाही.

१९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे एक प्रकारच्या ध्यानाचा, वर्ग सुरू केला, तो अशाच जुन्या दुखण्यांच्या रुग्णांना डोळ्यापुढे ठेवून. पुढे चिंताविकाराच्या २७६ जणांवर त्या वर्गाची एस्सिटालोप्राम या नेहमीच्या औषधाशी तुलना झाली. चिंता कमी करण्यात वर्ग औषधापेक्षा मागे पडला नाही. हे वाचून लोक लगेच गोळी सोडायला निघतात. त्या वर्गातले लोक दर आठवड्याला हजर राहत होते आणि घरी रोज पाऊण तास सराव करत होते, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि ती गोळी चिंतेची होती, संधिवाताची नव्हे.

(अमळनेरकर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. योगक्रिया एक्स-रेखाली तपासायला निघालेले स्वामी कुवलयानंद १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढण्याआधी आमच्या गावात शिकवत होते.)

आता करायचं काय. ध्यानाने सुरुवात करू नका. घाबरलेल्या माणसाला "डोळे मिटा, मनात बघा" म्हटलं की आधी स्वतःची धडधडच ऐकू येते आणि घाबरणं वाढतं. सुरुवात अंगापासून करा. स्नायू आवळून सैल सोडायची, जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांची जुनी पद्धत आहे. पुस्तकात मूठ घट्ट आवळा म्हणतात. आपल्या बोटांना ते जमत नाही, सकाळी तर भाकरी थापतानाही बोटं वळत नाहीत. म्हणून मी मूठ वळतच नाही. खाटेवर पडून टाचा गादीत हलक्या रुतवते, पाचेक सेकंद धरते आणि सोडते. मग मांड्या, मग खांदे कानांकडे, मग जबडा. सुजलेला सांधा वगळायचा. खरी गंमत सोडण्यात आहे: सैल सोडल्यावर तिथे जरा ऊब येते, जडपणा येतो, तिकडे लक्ष ठेवायचं. डोळे उघडे असले तरी चालतात. मी आढ्याकडे बघत करते.

मग श्वास. आत घ्यायला चार आकडे, सोडायला सहा, नाकाने, अजिबात जोर न लावता. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी उतरते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. त्रास नसताना रोज दहा मिनिटं करा. ऐन धडधडीतच पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही आणि "हेही फुकट" म्हणून सोडून द्याल.

शिबिरातल्या कपालभातीचं विचारलंत. तुमच्यासारखीने ती तूर्तास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भराभर श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरू शकतो. मग बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छातीत कसंतरी. घाबरण्याच्या झटक्यातही हेच होतं. बीपी असेल तर श्वास कोंडून धरणंही नको. आणि मे महिन्यात चोपड्याला पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा घामाने पाणी कमी होऊन धट्ट्याकट्ट्या माणसाचंही हृदय पळतं. त्या धडधडीला पाणी, मीठ-साखर आणि सावली. सराव पहाटे गच्चीवर करा.

ईसीजी नॉर्मल म्हणजे सगळं तपासून झालं असं नाही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघितलंय का? संधिवातात रक्त कमी होणं नेहमीचं आहे आणि त्यानेही छाती धडधडते. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असेल तर झोप उडू शकते. डॉक्टरांना गोळीची वेळ विचारा. रात्री फारच असह्य झालं तर मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं.

आणि बाजारात मिळणाऱ्या वाताच्या पुड्या तुम्ही घेत नाही ना? अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय, आणि तेही झोप घालवतं, जीव घाबरा करतं. घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी तशीच डॉक्टरांपुढे नेऊन ठेवा.