भूशास्त्र शिकवणारे कॉलेज जवळपास नसेल तर प्रवेश कुठे घ्यावा?

तुम्ही बदलापूरला राहता, भूशास्त्रात बी.एस्सी. करायची आहे आणि जवळच्या एकाही कॉलेजात तो विषय नाही. अशा वेळी घराजवळ रसायनशास्त्र घ्यावे की विषयासाठी लांब जावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते लांब जावे; मात्र अंतर मोजण्याआधी तिथे हा विषय शेवटच्या वर्षापर्यंत मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून खरोखर चालतो का, हे तपासावे.

माहितीपुस्तिकेत भूशास्त्र छापलेले पाहून मी घरापासून वीस मिनिटांवरच्या कॉलेजात प्रवेश घेतला होता. दोन वर्षे विषय शिकवलाही, पण टी.वाय.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघेच उरलो, तेव्हा विद्यार्थी पुरेसे नाहीत म्हणून वर्गच सुरू झाला नाही आणि पदवी रसायनशास्त्राची घ्यावी लागली. आज मी प्रयोगशाळेत बोअरवेलच्या पाण्याची तपासणी करते. ते पाणी कोणत्या खडकातून आले, हे अहवालात दुसरेच कोणी लिहिते.

म्हणून थेट विभागात जाऊन टी.वाय.च्या मुलांना भेटावे. गेल्या वर्षी वर्गात किती जण होते, पूर्णवेळ शिक्षक किती, फील्डला किती दिवस नेतात आणि खडकांचे पातळ छेद पाहायला प्रत्येकाला सूक्ष्मदर्शक मिळतो की चौघांत एक, हे तीच मुले मोकळेपणाने सांगतील.

मुंबईत सेंट झेवियर्समध्ये भूशास्त्र आहे. ते सीएसएमटीपासून चालत जाण्याजोगे आहे आणि बदलापूरहून थेट लोकल मिळते, तरी एका बाजूला दीड तास धरावाच. पुण्यात फर्ग्युसनला हा विषय आहे, पण तिथे वसतिगृह आणि मेसचा खर्च येईल, तर लोकलचा विद्यार्थी पास त्यापुढे नगण्य वाटेल. रोजचे तीन तास तीन वर्षे देण्याइतकी ओढ आहे का, हे पाहायचे असेल तर एकदा अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर जाऊन बेसाल्टचे ते उभे स्तंभ निवांत पाहावेत.

‘भूगोल घे, तेच ते’ असे नातेवाईक सांगतील. ते ऐकू नये. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेत जिऑलॉजिस्ट पदासाठी भूशास्त्र किंवा त्याच्याशी निगडित विषयातील पदव्युत्तर पदवी लागते, तिथे भूगोलाची एम.ए. चालत नाही, आणि भूशास्त्राच्या एम.एस्सी.साठी बऱ्याच ठिकाणी पदवीला तो विषय असणे आवश्यक असते.

घरच्या अडचणींमुळे लांब जाणे अजिबातच शक्य नसेल, तर रसायनशास्त्राऐवजी भौतिकशास्त्र घेऊन जोडीला गणित ठेवावे, कारण त्या पदवीवर पुढे भूभौतिकीच्या (जिओफिजिक्सच्या) एम.एस्सी.ला जाता येते आणि त्यासाठी पवईची आयआयटी तुम्हाला सीएसएमटीपेक्षा जवळ आहे.