जडीबुटी नको, मुळी म्हणा (आणि कळलावीबद्दल जरा जास्तच)

प्रश्न असा आला आहे : "कुमारवयीन वाचकांसाठी अद्भुतकादंबरी लिहिते आहे. नायिकेच्या घराण्यात झाडापाल्याची जादू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि हे घराणं थेट ग्रीक पुराणातल्या मीडियापर्यंत पोचतं. या विद्येला 'जडीबुटीची जादू' म्हटलं तर चालेल का? आणि सर्सी ही मीडियाची आंटी, तिला मावशी म्हणू ना?"

नाही. आणि दुसऱ्यालाही नाही.

आधी नावांचं बघू. 'मीडिया' लिहिलंत की पोरं कॅमेरे आणि माईक शोधू लागतील. मेदेया लिहा. सर्सी हे इंग्रजांनी केलेलं बारसं, ग्रीकात ती किर्के. आणि कुणी भेटून 'मेदेया म्हणजे आपली मेधाच हो' असं सांगू लागलं, तर त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा. मेधातला ध महाप्राण आहे. संस्कृतातल्या अशा ध-च्या जागी ग्रीकात थीटा येतो (धूम, तिकडे थूमोस). मेदेयात साधा डेल्टा, म्हणजे आपला द आहे. तिचं नाव 'मेदोमाय', म्हणजे मनाशी बेत रचणे, या क्रियापदाशी जातं. लॅटिनमधला 'बरं करणे' या अर्थाचा धातू याच कुळातला, आणि त्यातूनच मेडिसिन आलं. कोपऱ्यावरचं मेडिकल मेदेयाच्या भावकीतलं निघतं, ते बघायचं सोडून लोक मेधाच्या मागे लागतात.

आता जडीबुटी. शाम्पूच्या बाटलीवर जडीबुटी, मालिकेतल्या साधूच्या तोंडी जडीबुटी, आणि आता कादंबरीतही. हिंदीत 'जड' म्हणजे मूळ, कारण संस्कृत जटा या शब्दाला तंतुमय मूळ असाही अर्थ आहे. मराठी कानाला जड म्हणजे उचलवत नाही ते. आपल्याकडे झाडपाला आहे, काष्ठौषधी आहे आणि सगळ्यांत सुटसुटीत मुळी आहे. मारुतीने द्रोणागिरीसकट आणली ती संजीवनी मुळी. तिला जडीबुटी म्हणून बघा कसं वाटतं ते.

आणि मुळी या शब्दात जादू आधीपासूनच आहे. अमरकोशात 'मूलकर्म तु कार्मणम्' असं स्पष्ट दिलंय. मुळांनी करायचं कर्म म्हणजे जादूटोणा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अभिचार आणि कृत्या यांच्या पंगतीत मूलकर्म बसवून २०० पण (तेव्हाचं नाणं) दंड सांगितलाय, मात्र आप्त नसलेल्याने केलं तर. घरच्या घरात काय चालतं याची स्मृतिकारांना कल्पना असावी! कार्मण, कृत्या आणि आपली मराठी करणी, तिन्ही शब्द 'कृ' धातूचेच. काय केलं ते तोंडाने म्हणायचं नाही, नुसतं 'केलं' म्हणायचं. 'तिच्यावर कुणीतरी केलंय' हे वाक्य गावात कर्माशिवाय पुरं होतं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १४५वं सूक्त आहे. 'इमां खनाम्योषधिं', ही औषधी मी खणून काढते. कशासाठी? सवतीचा बंदोबस्त करायला. आता मेदेयाची गोष्ट आठवा. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये युरिपिडीसने रंगमंचावर आणली ती. नवरा जेसन दुसरी करायला निघाला, हिने नवरीला विष माखलेलं वस्त्र आणि मुकुट धाडला. आपल्या भाषेत याला सवतीवरची करणी म्हणतात, नवा शब्द घडवायची गरज नाही.

ग्रीकांकडे या सगळ्याला एकच शब्द : फार्माकोन. औषध, विष आणि मंतरलेलं द्रव्य, तिन्ही तोच. यावर तत्त्वज्ञांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत, एका शब्दात औषध आणि विष दोन्ही कसं, म्हणून. त्यांनी एकदा आमच्याकडच्या कृषी सेवा केंद्रात येऊन उभं राहावं. 'उंदराचं औषध द्या.' उंदीर आजारी नसतो. 'कपाशीवर औषध मारलं.' कपाशी बरी व्हावी म्हणून अळी मारलेली असते. फार्माकोनचं अचूक भाषांतर औषध. होमरने किर्केला 'पोलिफार्माकोस' म्हटलंय, तिथेही पुष्कळ औषधं जाणणारी एवढंच म्हणा. वाचकाला घाबरायचं तेवढं तो घाबरेल.

मुळ्या खणणाऱ्यांना ग्रीकात ऱ्हिझोटोमोय म्हणत, शब्दशः 'मूळकापे'. सोफोक्लीसचं याच नावाचं नाटक होतं. ते हरवलं, पण थोड्या ओळी एका लॅटिन लेखकाने उतरून घेतल्यामुळे वाचल्या. त्यात मेदेया तोंड फिरवून, काशाच्या विळ्याने मुळ्या कापते आणि पांढुरका चीक भांड्यात धरते. तोंड का फिरवायचं, तर वास डोक्यात जाऊ नये म्हणून. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टसनेही या मूळकाप्यांच्या चालीरीती नोंदवल्या आहेत. मँड्रेक काढताना तलवारीने भोवती तीन वर्तुळं आखायची आणि पश्चिमेकडे तोंड करून कापायचं. पिओनी रात्री काढायची, दिवसा सुतारपक्ष्याने पाहिलं तर डोळे जातात. त्याला स्वतःला हे पटत नव्हतं, पण लिहिलंन मात्र इमानदारीने. तुमच्या नायिकेला हे सगळं आयतं आहे, घ्या.

आता मावशी. इंग्रजीतल्या आंटने जेवढे घोळ घातलेत तेवढे शत्रूनेही घातले नसते. किर्के ही आयेतेस राजाची बहीण, मेदेया त्याची मुलगी. म्हणजे किर्के आत्या! दोघीही हेलिओसच्या, सूर्याच्या घरातल्या. ही विद्या माहेरची आहे, बापाकडून आलेली आहे, आणि पोरगी आत्याच्या वळणावर गेली आहे. हे एवढं मराठीत एका शब्दात येतं, आणि तुम्ही मावशी म्हणून ते घालवायला निघालात? ग्रीक कवी अपोलोनिओसच्या काव्यातला प्रसंग बघा. भावाच्या खुनाचा डाग धुवायला मेदेया आत्याच्या दारात येते. काही न बोलता खाली मान घालून चुलीपाशी बसते. आत्या आधी शुद्धीचे विधी करते. मग मेदेयाने नजर वर उचलताच आत्या ओळखते, कारण सूर्याच्या सगळ्या वंशाच्या डोळ्यांत सोन्यासारखी झाक असते. मग दोघी माहेरच्या, कोल्खिसच्या भाषेत बोलतात, सोबत आलेल्या जावयाची नव्हे. आत्या सगळं ऐकून घेते आणि वर सुनावते, आता माझ्या घरातून चालती हो. ज्याला आत्या आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

कोल्खिस म्हटलं, तर आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

कोल्खिस म्हणजे काळ्या समुद्राच्या पूर्व काठाचा मुलूख, आजच्या जॉर्जियाचा पश्चिम भाग. मेदेयाचं माहेर. तिथली म्हणून एका विषारी कंदाला ग्रीक लोक 'कोल्खिकोन' म्हणू लागले, पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने तेच नाव दिलंय. त्यावरून वनस्पतिशास्त्रातलं कोल्चिकम, आणि १८२० मध्ये फ्रान्समध्ये त्यातून जे द्रव्य वेगळं काढलं त्याचं पुढे नाव पडलं कोल्चिसीन. गाऊटवर, म्हणजे सांध्यांत यूरिक ॲसिड साचतं त्यावर, डॉक्टर आजही देतात ते. आणि हेच कोल्चिसीन आणखी कशात असतं? आपल्या कळलावीत! शास्त्रज्ञांनी कळलावीला कुळही तेच दिलंय, कोल्चिकेसी, कोल्खिसवाल्यांचं. श्रावणात कोकणातल्या गडग्यावर चढते ती ही वेल मेदेयाच्या माहेरची सोयरी आहे.

आमच्या आजीने तिला कधी घरात येऊ दिलं नाही. फूल बघावं तर देखणं. सहा पाकळ्या मागे उलटलेल्या, कडा चुणीदार, आधी हिरवट, मग पिवळ्या, मग टोकाकडून पेटत गेल्यासारख्या लाल. पानाचं टोकच लांबून वळतं आणि शेजारच्या काटकीला विळखा घालतं. मी एकदा ओंजळभर फुलं आणली, तर आजी उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाहेर टाक ती. घरात कळ लागेल."

इथे वाद आहे. आयुर्वेदाच्या जाणकारांचं म्हणणं, कळलावी हा संस्कृत कलिहारीचा अपभ्रंश. भावप्रकाशात कलिहारी आहे, मान्य. पण कलिहारीचा सरळ अर्थ काय, कलह हरण करणारी. म्हणजे बरोबर उलटं! कलिकारी म्हणा हवं तर. पण 'हारी'चं किंवा 'कारी'चं 'लावी' कुठल्या नियमाने झालं, ते एकाने अजून दाखवलेलं नाही. शब्द उघडउघड मराठी आहे : कळ आणि लावणे. प्रश्न फक्त कुठली कळ. भांडणाची, की बाळंतपणातली? भावप्रकाश त्याच दमात तिला 'गर्भनुत्' म्हणतो, गर्भ पुढे ढकलणारी. जुन्या सुइणी कंदाचा लेप लावत, तो कळा याव्यात म्हणून. माझं मत पक्कं आहे : आधी ती कळा लावणारी होती, सुइणीच्या बटव्यातली. भांडणाची कळ मागून चिकटली, आणि तिथून गल्लीतली कळलावी बाई आली. (कंद जीवघेणा विषारी आहे. लेपाची गोष्ट शब्दासाठी सांगितली, करून बघायला नव्हे.) कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून संस्कृतात लांगली, आणि लांगलचाच आपला नांगर झाला, हे जाता जाता.

अजून एक, आणि हे मला फार दिवस सांगायचंय. अपोलोनिओसच्या तिसऱ्या सर्गात मेदेया जेसनला अंगाला चोळायला जे औषध देते, ते प्रोमिथियसचं रक्त जमिनीवर सांडलं तिथे उगवलेल्या झाडाचं. मूळ नुकत्याच कापलेल्या मांसासारखं, आणि फुलाचा रंग क्रोकससारखा, म्हणजे केशराच्या झाडासारखा. भाषांतरकार इथे डोळे मिटून 'केशरी' लिहितात. अहो, केशराच्या क्रोकसचं फूल केशरी नसतंच! काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतात जाऊन बघा, सगळा मळा जांभळा, केशरी असतात त्या आतल्या तीन काड्या. आणि कोल्चिकमचं फूल? जांभळटच, आकारानेही हुबेहूब क्रोकस. म्हणजे माझ्या मते ते झाड कोल्चिकमच. ग्रीक पंडित म्हणतील, होमरची उषा 'क्रोकोपेप्लोस', क्रोकसरंगी वस्त्राची आहे, ती काय जांभळं लुगडं नेसते? ते त्यांनी म्हणत राहावं. पहाटे आकाशाकडे मीही बघतो, आधी जांभळंच असतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. मुळीविद्या म्हणा, चांगल्यासाठी असेल तर. वाईटासाठी असेल तर करणी. विद्या आत्याकडून येऊ द्या. आणि घराण्याची एखादी शाखा कोकणात आणणार असाल, तर परसाच्या गडग्यावर कळलावी चढवा. फक्त तिला 'फ्लेम लिली' म्हणू नका.